अधोहनूचे शस्त्रक्रियापूर्व क्ष-किरण चित्रण

अक्कलदाढ काढणे, कृत्रिम दंतमूळ बसविणे यांसारख्या शस्त्रक्रियांपूर्वी खालच्या जबड्याच्या हाडाची (अधोहनूची) अंतर्रचना जाणून घेण्यासाठी केलेले चित्रण. हाडातील तंत्रिका-नलिकेचे स्थान निश्चित करणे हा त्याचा प्रमुख उद्देश होय.

ही नलिका जबड्याच्या उभ्या भागाच्या आतील बाजूस सुरू होते, दाढांच्या मुळांखालून पुढे जाते आणि उपदाढांच्या मुळांजवळील रंध्रातून बाहेर उघडते. तिच्यातून तंत्रिका व रक्तवाहिन्या जातात. तंत्रिकेची एक शाखा खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरविते. तिला इजा झाल्यास हा भाग बधिर होतो. जेवताना ओठ चावला गेला तरी रुग्णास कळत नाही. ही बधिरता बहुधा काही महिन्यांत ओसरते. क्वचित ती कायम राहते.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मन दंतवैद्य ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्याकरिता त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. पुढे फिनलंडमधील पाटेरो यांच्या संशोधनातून सर्वदर्शी चित्रणाची पद्धत विकसित झाली. ‘ओपीजी’ या नावाने रूढ झालेल्या या चित्रात दोन्ही जबडे एकाच पटावर दिसतात. नलिकेची पांढरी कड मुळाजवळ खंडित होणे, मूळ तेथे काळसर दिसणे किंवा नलिकेने एकाएकी दिशा बदलणे ही मूळ व नलिका परस्परांस भिडल्याची सूचक चिन्हे मानतात.

तथापि हे चित्र म्हणजे सपाट छाया असते. त्यातील आकार वास्तवापेक्षा मोठे दिसतात आणि नलिका मुळाच्या गालाकडील बाजूस आहे की जिभेकडील, हे त्यावरून निश्चित ठरविता येत नाही. १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या कोन-बीम सीटी पद्धतीने ही उणीव भरून निघाली. तीत शंकूच्या आकाराची क्ष-किरण शलाका डोक्याभोवती फिरते व संगणक हाडाचे आडवे-उभे छेद तयार करतो. त्यांवरून हाडाची उंची व जाडी मोजता येते. कृत्रिम मूळ व नलिका यांत सामान्यतः किमान २ मिमी. अंतर राखतात. जबड्याच्या आतील बाजूचा खोलगट भागही छेदांत दिसतो. तेथे हाड भेदले गेल्यास जिभेखाली रक्तस्राव होऊन श्वासमार्ग रोधला जाण्याचा धोका असतो.

सीटीमध्ये प्रारणाची मात्रा सामान्यतः अधिक असल्याने ती सरसकट करीत नाहीत. साध्या चित्रात संशयास्पद चिन्हे आढळल्यास व तिच्या निष्कर्षाने उपचार बदलण्याचा संभव असल्यास करतात. मूळ नलिकेस चिकटलेले आढळल्यास केवळ दाढेचा माथा कापून मुळे तशीच ठेवणे हा एक पर्याय असतो. क्ष-किरणांत नलिकेच्या हाडाच्या भिंती दिसतात, प्रत्यक्ष तंत्रिका नव्हे. त्यामुळे चित्रणाने धोका आधी ओळखता येतो व कमी करता येतो. तो पूर्णपणे टळत नाही.