पायांनी पान चाखणारी आई

कुंडीतल्या गोडनिंबाभोवती काळं-पिवळं फुलपाखरू घुटमळतं. पानावर टेकतं, उडतं, पुन्हा टेकतं. ती मादी असते आणि तिला मध नको असतो. पुढच्या पायांनी ती पानावर भराभरा थापट्या मारते. त्या पायांवर चव ओळखणारी इंद्रियं असतात! लिंबाच्या कुळाची ओळख पटली की ती पोट वाकवून कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवते. ते पान ती स्वतः आता कधीच खाणार नसते. लेकरासाठी मात्र बिनचूक निवडते.

हे लाइम फुलपाखरू. मागे शेपटी नसली तरी कूळ स्वॅलोटेलचंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्याचा पाळणा बेल, कवठ, भेरा अशा झाडांवर हलतो, कारण ही सगळी लिंबाची भावकी. लहान अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते. शेवटची कात टाकली की पानासारखी हिरवी होते. तिला काडीनं हलकेच डिवचा, डोक्यामागून दुशिंगी मांसल अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मुंग्या मागे फिरतात.

गोडनिंबावरच वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनची गोष्ट तर याहून अजब. सापसंद आणि वावरात जमिनीसरपट पसरणारी किडामारी खाऊन वाढलेली कॉमन रोज फुलपाखरं विषारी असतात. पक्षी त्यांना टाळायला शिकतात. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या बिनविषारी असूनही त्यांचंच रूप घेतात. हे सोंग ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक ठरवतं, हे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवून दिलं.

अशा फुलपाखरांना मधासाठी जास्वंद, एक्झोरा, झेंडू लावा. घाणेरीवरही ती तुटून पडतात, पण जंगल गिळणारं ते तण हातानं वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. नर तर नाल्याकाठच्या ओल्या रेतीतून क्षार शोषतात. अंगणात थोडी रेती ओली ठेवली तरी चालतं.

ताडोबाजवळ आगरझरीला फुलपाखरू उद्यान आहे, मुलांना जरूर दाखवा. घरी मात्र फुलांआधी गोडनिंब लावा. पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका, अळ्या वेचून फेकू नका. गोडनिंबाला नवी पालवी फुटतेच.