टाकीखाली काय चाललं होतं

यामाहा आरएक्स १०० च्या इंजिनातला पिस्टन ५० मिलिमीटर व्यासाचा, आणि त्याची वर-खाली धावही ५० मिलिमीटरचीच. गाडी पूर्ण जोरात असताना, म्हणजे मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर, हा पिस्टन दर सेकंदाला २५० वेळा थांबतो आणि २५० वेळा पुन्हा धावत सुटतो. वरच्या टोकाला वेग शून्य, खालच्या टोकाला शून्य, आणि मधल्या त्या एवढ्याशा अंतरात ताशी ७० किलोमीटरच्या घरात. दर फेरीला एक याप्रमाणे सेकंदाला १२५ स्फोट होतात. आणि आपण त्याच्या वीतभर वर, टाकीला गुडघे लावून, आज मिसळ कुठं खायची याचा विचार करत बसलेलो असतो!

मोटारसायकली आयुष्यभर चालवल्या. काही विकल्या, एक पोर्चमध्ये अजून उभी आहे. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की मित्रांना गोव्याची ट्रिप आठवते, लग्नाआधीचं फिरणं आठवतं. मला आठवतात ती इंजिनं. थोडं पेट्रोल, थोडी हवा, एक ठिणगी आणि त्यातून फिरणारं चाक, हे कोडं सगळ्यांना एकच घातलेलं. पण प्रत्येक गाडीनं ते आपापल्या डोक्यानं सोडवलं होतं.

पहिली राजदूत. नाव १७५, भरायची १७३ सीसी. एस्कॉर्ट्सनं ती पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घेतलेली, पण कराडच्या बाजूला ती दूधवाल्यांची गाडी म्हणूनच ठाऊक. दोन्ही अंगांना किटल्या अडकवून ती चढ चढायची. माझ्याकडे ती चुलत्यांकडून आली. तिचं इंजिन गॅरेजात पहिल्यांदा उघडलेलं पाहिलं तेव्हा चक्रावलो, कारण आत जवळजवळ काही नव्हतंच. सिलिंडर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. मग मिश्रण आत कधी घ्यायचं नि धूर बाहेर कधी सोडायचा, हे ठरवायचं कुणी?

पिस्टननंच. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन येता-जाता स्वतःच्या अंगानं त्या झाकतो-उघडतो. वर चढताना तो डोक्यावरचं मिश्रण दाबतो. त्याच वेळी पायाखाली क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून नवं मिश्रण आत खेचलं जातं. वर ठिणगी पडते, पिस्टन खाली येतो, तळातलं मिश्रण दाबलं जाऊन भिंतीतल्या वाटेनं वर चढतं आणि जळका धूर ढकलून बाहेर काढतं. एका फेरीत चार कामं, हलणारे मुख्य भाग तीन. इतका कंजूष आणि इतका हुशार विचार मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलेला नाही.

यात एक मेख आहे. पेट्रोल-हवा ज्या क्रँककेसमधून जाते, तिथंच बेअरिंगं आहेत. तिथं ऑइल साठवून ठेवता येत नाही, म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला ४०-५० मिली. पंपावर टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र असायचं, ते आठवणारे बरेच जण निघतील. या मेखेचा अर्थ मला कराडच्या मिस्त्रींनी समजावला. कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं होतं. ते म्हणाले, "उताराला गाडी गप सोडू नका, मधनंमधनं रेस द्या. न्हाईतर तेल कुठनं मिळायचं तिला?" अगदी बरोबर. उतारावर आपण रेस बंद करतो, चाकं मात्र इंजिनाला गरागरा फिरवत असतात. पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन कोरडं पळतंय. हे ज्ञान माझ्या कॉलेजच्या पुस्तकात नव्हतं.

मग येझदी. चेकोस्लोव्हाकियात फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जावा कंपनी काढली. तिच्या गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६१ पासून इथं बांधल्या आणि १९७३ पासून त्या येझदी नावानं येऊ लागल्या. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हा थाट सगळ्यांना दिसायचा. खरी करामत पायाशी होती. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढं वळवायचा, की त्याचा गिअर झाला! वर त्या दांड्याची जोड आतून क्लचलाही दिलेली. गिअर टाकायला पाय दाबला की क्लच आपोआप सुटायचा, डाव्या हाताला काम नाही. ऑटोमॅटिक क्लचच्या स्कूटरचं आज कौतुक करणाऱ्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग विचारात पडतात.

आरएक्स १०० आली ती मात्र वेडच घेऊन. १९८५ ते १९९६ एवढाच काळ ती बनली, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि अजून तिच्या नावानं पोरं उसासे टाकतात. हिला ऑइलची वेगळी टाकी होती. एक छोटा पंप रेस आणि वेग बघून ऑइल मोजून द्यायचा, त्यामुळे मिसळण्याची कटकट गेली. पण एवढ्याशा इंजिनात एवढा जोर कुठून आला, याची गोष्ट सायलेन्सरपाशी येऊन थांबते, आणि ती थेट शीतयुद्धात शिरते.

टू-स्ट्रोकचा मोठा दोष असा, की धूर जायची खिडकी उघडी असतानाच नवं मिश्रण आत येत असतं. त्यातलं बरंच न जळताच धुराबरोबर निघून जातं. याला आळा घालायला दार हवं, पण दार बसवायला जागा नाही. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात आवाजाचंच दार केलं. महायुद्धात पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेला हा माणूस. धूर खिडकीतून सुटतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून पुढं जाते. नळी आधी रुंद होत गेली तर उलटून येणारी लाट धूर आणखी ओढून घेते. पुढं ती एकदम निमुळती झाली तर लाट आपटून दाब घेऊन परत येते, विहिरीत मारलेली हाक यावी तशी. नळीची लांबी नेमकी साधली, तर ही परतलेली लाट खिडकी झाकली जायच्या ऐन क्षणी पोचते आणि बाहेर पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. हा सगळा खेळ तीन-चार हजारांश सेकंदांत. काडेननं या पोटफुगीर नळ्यांच्या आणि गोल फिरणाऱ्या चकतीच्या व्हॉल्व्हच्या जोरावर १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली.

त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये एमझेडचा अव्वल स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीला गेला तो परतलाच नाही. बायको-मुलांना पश्चिमेकडे पोचवायची व्यवस्था आधीच झाली होती. तो सुझुकीला जाऊन मिळाला, त्याच्याबरोबर काडेनचं गुपितही गेलं, आणि १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा डेग्नरनं सुझुकीवर जिंकली. जपानी टू-स्ट्रोकचा दबदबा तिथून वाढत गेला. यामाहाचं जर्मनीशी नातं तर त्याहून जुनं. तिची पहिलीच मोटारसायकल, १९५५ ची वायए-१, डीकेडब्ल्यू आरटी १२५ ची नक्कल होती. जर्मनी हरल्यावर ती रचना सगळ्यांनाच मोकळी झाली होती. शर्यतीच्या मैदानातली ही विद्या सौम्य होत होत रस्त्यावरच्या साध्या गाड्यांपर्यंत झिरपली. म्हणून आवाजासाठी आरएक्सच्या सायलेन्सरची आतली नळी काढून टाकणाऱ्या पोरांच्या गाड्या ओरडायच्या खूप, आणि पळायच्या कमी.

पुढं संसार, बदली, पेट्रोलचा हिशोब. हिरो होंडा सीडी १०० घेतली. तीही १९८५ सालीच बाजारात आलेली, ९७ सीसीची आणि फोर-स्ट्रोक. लिटरला ८० किलोमीटरचा दावा. पेट्रोल भरा नि विसरून जा, अशी जाहिरात. ही गाडी कुणाच्या स्वप्नात येत नाही, आणि मला हा तिच्यावर अन्याय वाटतो. हिच्यात दार खरंखुरं आहे, पोलादी व्हॉल्व्हचं. आत घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं या चार कामांना चार वेगळ्या धावा, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल वाया जायची वाटच जवळजवळ बंद. मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ६६ वेळा उघडतो नि बंद होतो, आणि टॅपेटशी त्याची फट ठेवायची ती ०.०५ मिलिमीटर. केसाच्या जाडीची ही फट मिस्त्री फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून बोटाच्या जाणिवेवर लावतो. पट्टी ओढताना किंचित अडखळली पाहिजे. फार सैल नको, घट्ट तर मुळीच नको.

मग चाळिशीनंतर सगळ्यांना होतो तो आजार मलाही झाला आणि जुनी बुलेट घरात आली. मद्रासला १९५५ पासून बनत असलेली, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव असलेली, ३४६ सीसी. ती सुरू करायची रीत हा माझ्या मते भारतीय रस्त्यावरचा सगळ्यात सुंदर भौतिकशास्त्राचा धडा. हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो. चावी फिरवायची आणि किक सावकाश दाबत काट्याकडे बघायचं. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट जुळलेले असतात तोवर बॅटरीतून प्रवाह जातो आणि काटा उणेकडे कलतो. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, काटा मध्यावर येतो. पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून ते उघडतात ते फक्त दाबाच्या धावेच्या शेवटी, पिस्टन वर पोचता पोचता. म्हणजे काटा मध्यावर आला की लोखंडाच्या आत न दिसणारा पिस्टन कुठं आहे, हे विजेच्या मीटरनं आपल्याला सांगितलं. आता डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी खिटी ओढायची, पिस्टन जरासा पुढं काढायचा, खिटी सोडायची आणि एक सणसणीत किक. पैलवान लागत नाही. माझ्या बायकोनं ही गाडी पहिल्या किकेत सुरू करून दाखवली आणि गल्लीतले बुलेटवाले गप्प झाले.

बुलेटच्या ठोक्याचंही कारण आकड्यात आहे. उभ्या गाडीवर इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेऱ्या घेतं. फोर-स्ट्रोक असल्यानं स्फोट त्याच्या निम्मे, सेकंदाला सात-आठ. आपला कान सेकंदाला वीसेक ठोक्यांपर्यंत प्रत्येक ठोका सुटा ऐकतो, त्यापुढं ते मिसळून त्यांचा सलग सूर होतो. बुलेट त्या रेषेच्या बरीच खाली चालते, टू-स्ट्रोक उभ्या उभ्याच तिच्या आसपास जाऊन पोचते. जड फ्लायव्हील दोन स्फोटांमधली वाट निभावून नेतं, म्हणून एवढ्या संथ चालीतही इंजिन बंद पडत नाही.

पल्सरबद्दल थोडक्यात. चाकणची ही गाडी २००१ ची, आणि २००३ मध्ये तिला एका सिलिंडरला दोन प्लग आले. ज्वाळा एका बाजूनं पसरत जायला वेळ लागतो. दोन्हीकडून पेटवली की अंतर निम्मं होतं. चांगली गाडी, खूप चालवली, फारसं सांगण्याजोगं काही घडलं नाही. हे गाडीचं कौतुकच समजावं.

आताची गाडी इंजेक्शनची. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि कार्बोरेटर नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ हद्दपार झाला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आता एका छोट्या संगणकाला खबर देतो आणि तो पुढच्या फवाऱ्याचं माप ठरवतो. हे थोरच आहे. पण जाता जाता रिझर्व्हची तोटी गेली, याची मला हळहळ आहे. टाकीच्या तळाशी दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी आचके द्यायची, चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून तोटी फिरवली की बुटकी नळी सुरू. वायर नाही, दिवा नाही, तरी चूक नाही.

एक गोष्ट मात्र राजदूतपासून आजच्या गाडीपर्यंत तशीच राहिली आहे. वेगात असताना डावीकडे वळायचं, तर हँडलचं डावं टोक पुढं ढकलावं लागतं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं, गाडी डावीकडे कलते आणि मग वळण घेते. प्रत्येक मोटारसायकलस्वार हे रोज करतो, आणि विचारलं तर शंभरातले नव्वद जण मान्य करणार नाहीत. खंबाटकीच्या एखाद्या लांब वळणावर, रस्ता मोकळा असताना, अलगद ढकलून बघा.

आणि तुमच्याही वाड्यात, गोठ्यात, जिन्याखाली एखादी जुनी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. टाकी रिकामी करा. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल काढा; आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं आणि आतून गंज धरतो. प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि किक हातानं सावकाश दोन-चार वेळा फिरवा. पिस्टन हलला, तर गाडी सुरू होण्याची आशा आहे. आरसी बुकही शोधून ठेवा, कारण १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं.