छाप निराळी, इंजिन एकच

भिवंडीच्या यंत्रमागावर निघालेले ग्रे कापड एकच असते. निरनिराळ्या प्रोसेस हाऊसमधून ते रंगून, छाप लागून आले की प्रत्येकाचा भाव वेगळा होतो. आम्ही कापडवाले हे जाणतो, म्हणून छाप नंतर पाहतो, आधी कापड बोटांत धरतो. मात्र ताथवडे-चिंचवडच्या बाजारात जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेले आपले व्यापारी बांधव नेमके उलट करतात. ते बिल्ला पाहून पैसे मोजतात.

इटलीच्या फियाट कंपनीने अमेरिकेच्या जनरल मोटर्सबरोबरच्या भागीदारीत २००३ साली १.३ लिटरचे 'मल्टिजेट' डिझेल इंजिन बाजारात आणले. चार सिलिंडर, १२४८ सीसी. नवे डिझेल इंजिन घडवायला एवढे भांडवल लागते की एकट्या कंपनीला ते परवडत नाही. खप वाटून घेतला तरच हिशेब बसतो. दोघांची भागीदारी २००५ मध्ये मोडली, इंजिन मात्र चालत राहिले. सुझुकीने परवाना घेऊन ते हरियाणात मानेसरला बनवले आणि जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्ट डिझेल आली. इकडे पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावला फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात तेच इंजिन निघू लागले.

मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा. टाटांच्या व्हिस्टा, मांझा, झेस्ट. फियाटच्या पुंटो आणि लिनिया, या सर्वांत तेच. आपल्या चिंचवडच्या प्रीमियर कंपनीची रिओ आठवते का? तिच्यात आधी प्यूजोचे १.५ लिटर डिझेल होते (तेही उधारीचे, मारुतीच्या झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये बसत असे) आणि २०१२ मध्ये मल्टिजेट आले. तळेगावला जनरल मोटर्सने शेव्हर्ले बीट डिझेल काढली, तिचे ९३६ सीसीचे इंजिन याच खानदानातले, एक सिलिंडर कमी केलेले.

२०१० मध्ये पेट्रोलचा भाव मोकळा झाला, डिझेलवर सरकारचा हात राहिला, आणि गिऱ्हाईक डिझेलकडे धावले. मारुतीला मानेसरचे इंजिन पुरेना. जानेवारी २०१२ मध्ये तिने फियाटशी करार केला, वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने रांजणगावहून घेण्याचा. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे दोघे, आणि माल एकाच कारखान्याचा! कापडबाजाराला यात नवल वाटू नये.

या इंजिनाची खुबी डिझेल फवारण्यात आहे. एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली भरून ठेवलेले असते आणि संगणक प्रत्येक इंजेक्टरला एकाच फेरीत अनेकदा थोडे थोडे सोडायला लावतो. त्यामुळे जुन्या डिझेलची ठकठक कमी झाली आणि अ‍ॅव्हरेज वाढले. पण फवारण्याचे भोक अतिबारीक असल्याने भेसळीचे डिझेल आणि वेळेवर न बदललेला फिल्टर त्याला सोसत नाही.

आता कारीगर बांधवांच्या कामाचे. पिस्टन, ब्लॉक, टायमिंग चेन हे कुळ एकच. म्हणून एका बिल्ल्याच्या गाडीवर हात बसलेल्या मिस्त्रीला दुसरी परकी नाही. तथापि, सगळे सुटे भाग आंधळेपणाने अदलाबदल करू नयेत. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो साधा, ९० वाल्याचा टर्बो पाती फिरवणारा. संगणकाची आज्ञावली प्रत्येक कंपनीची वेगळी. ब्रॅकेट आणि नळ्याही गाडीप्रमाणे बदलतात. इंजिनवरचा नंबर पाहून भाग मागवावा, गाडीचे नाव सांगून नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. धूर साफ करणारी यंत्रणा छोट्या डिझेलवर चढवणे महाग, म्हणून मारुतीने डिझेल सोडले आणि १.३ मल्टिजेटही येथे बंद झाले. थोरला भाऊ मात्र टिकला. रांजणगावचे २ लिटर मल्टिजेट २०१७ मध्ये जीप कंपासमध्ये बसले, २०१९ मध्ये टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टरमध्येही. हॅरियर तर आपल्या पिंपरीतच तयार होते.

म्हणजे जुनी १.३ घेणाऱ्याने दोन हिशेब करावेत. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २००७ ची स्विफ्ट ती मुदत २०२२ मध्येच ओलांडून बसली, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. दुसरा टर्बो आणि इंजेक्टरचा. थंड इंजिन पहाटे स्वतः सुरू करून पाहावे, निळा धूर दिसला तर किमतीतून तो खर्च वजा करावा. एकाच इंजिनाच्या दोन गाड्या समोर असतील, तर बिल्ल्यासाठी जादा मागितलेली रक्कम सर्व्हिसच्या पावत्यांवर खर्च झालेली आहे का, ते विचारावे.