पाण्याच्या केंद्राला जागा हवी, तेव्हा

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे सोरेगाव किंवा भवानी पेठेतलं जलशुद्धीकरण केंद्र वाढवायचं म्हटलं, की आपण पंप आणि पाइपलाइनचंच बोलतो. जागेचं राहून जातं. समजा, शेजारचा भूखंड विकास आराखड्यात बगिच्यासाठी राखीव आहे. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नसेल, तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. महापालिका सूचना काढते, हरकती ऐकते, शेवटी शासन मंजुरी देतं. हरकतींना मुदत एक महिना. आम्ही म्हणतो, तेव्हाच विचारा: क्लोरीनचे सिलिंडर वस्तीपासून किती लांब? गाळ कुठे टाकणार? बगिच्याला दुसरी जागा कोणती? नंतर कोर्टात गेलो, तर पाणीही लांबतं.