मेमरी परत कोण करणार?

४ नोव्हेंबर १९९२. पहाटे दोन वाजून गेल्यावर लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचा संगणक मंदावला आणि थोड्याच वेळात ठप्प झाला. कर्मचाऱ्यांना कागद आणि टेलिफोनवर काम चालवावे लागले. चौकशी समितीला आढळलेली चूक अगदी किरकोळ होती. कोडमध्ये बदल करताना एक तुकडा काढायचा राहून गेला होता. त्यामुळे गाडी पाठवण्याचा आदेश निघाला की दर वेळी सर्व्हरची थोडी मेमरी अडकायची आणि ती मोकळी व्हायची नाही. तीन आठवड्यांत सगळी मेमरी संपली.

यालाच मेमरी लीक म्हणतात. लग्नघरी मागून आणलेली भांडी कार्य उरकल्यावर परत द्यायची असतात, तशी प्रोग्रामने घेतलेली मेमरी काम झाल्यावर परत करायची असते. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवलेल्या सी भाषेत हा व्यवहार सर्वस्वी प्रोग्रामरच्या हाती असतो : ‘मॅलॉक’ने घ्यायचे, ‘फ्री’ने परत करायचे. प्रोग्राम बंद झाला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी मेमरी काढून घेते, म्हणून मिनिटभर चालणाऱ्या प्रोग्रामला गळती जाणवत नाही. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरला मात्र ती बुडवते.

गळती बहुधा आडवाटेवर असते. फंक्शनने सुरुवातीला मेमरी घेतली, मध्येच फाइल उघडली नाही, म्हणून ते तिथूनच माघारी फिरले. शेवटच्या ओळीतला ‘फ्री’ तसाच राहिला. सगळे सुरळीत असताना घेतलेल्या चाचणीत ही वाट येतच नाही.

मग शोधायचे कसे? आधी गळती आहे याची खात्री करावी. मेमरीचा वापर वाढला म्हणजे गळतीच झाली, असे नाही. वेग वाढवण्यासाठी प्रोग्राम काही माहिती मुद्दाम जवळ ठेवतात. तेच काम शेकडो वेळा करून पाहावे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर आकडा स्थिरावला, तर चिंता नको. प्रत्येक फेरीनंतर तो चढतच राहिला, तर संशयाला जागा आहे.

त्यानंतर हत्यारे काढावीत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रीड हेस्टिंग्ज यांनी ‘प्युरिफाय’ हे साधन बाजारात आणले. पुढे नेटफ्लिक्स स्थापन करणारे तेच हे. ज्युलियन सीवर्ड यांचे ‘व्हॅलग्रिंड’ २००२पासून सर्वांना मोफत मिळते. ते मेमरीच्या प्रत्येक देवघेवीवर नजर ठेवते आणि परत न आलेला तुकडा कोणत्या ओळीत घेतला होता, ते शेवटी सांगते. या पहाऱ्यात प्रोग्राम दहा ते तीस पट मंदावतो, म्हणून हे काम चाचणीच्या वेळीच करणे बरे.

जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत निरुपयोगी मेमरी आपोआप गोळा होते. जॉन मॅकार्थी यांनी ही युक्ती लिस्प भाषेसाठी शोधली आणि १९६०मध्ये ती प्रसिद्ध झाली. तरीही गळती टळत नाही. ज्याचा कुठून तरी संदर्भ धरलेला आहे, ते कामाचेच आहे, असे गोळा करणारी यंत्रणा मानते. कधीच रिकामी न होणारी यादी किंवा स्क्रीन बंद झाल्यावरही न काढलेला लिसनर हजारो ऑब्जेक्ट अडकवून ठेवतो. इथे मेमरीचे दोन स्नॅपशॉट घ्यावेत, एक कामाआधी आणि एक नंतर. कोणत्या प्रकारचे ऑब्जेक्ट वाढले ते पाहावे, मग त्यातले एक निवडून त्याला कोणी धरले आहे, त्या धरणाऱ्याला कोणी, अशी साखळी मुळापर्यंत तपासावी. दोष त्या साखळीतल्याच एखाद्या कडीत असतो.

रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करणे हा उपाय नव्हे. त्याने दोष फक्त झाकला जातो. प्रोग्रामर मित्रहो, मेमरी घेणारी ओळ लिहितानाच ती कोण आणि कधी परत करणार, हे ठरवा. आणि जे सॉफ्टवेअर महिनाभर अखंड चालायचे आहे, त्याची चाचणी तासाभरात उरकू नका. लंडनमध्ये त्या पहाटे हे सॉफ्टवेअर रुग्णवाहिका मागणाऱ्यांसाठी चालत होते.