मैदानात उतरला म्हणजे सगळं चालतं? कबड्डीतल्या धोकादायक पकडींविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

'मैदानात उतरलास ना, मग सोसायची तयारी ठेव.' कबड्डीच्या मैदानाभोवती हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, की ते नियमपुस्तकातलंच कलम वाटावं. सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगाव परिसरात, कबड्डीला फारसं काही लागत नाही. चुन्याच्या चार रेषा आखल्या की मैदान तयार. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तर आणि विभागस्तर स्पर्धांत भिल्ल आणि पावरा समाजाची मुलं-मुली हा खेळ जीव ओतून खेळतात. त्यामुळे या वाक्यामागचे समज तपासून पाहायला हवेत. पहिला समज असा की कबड्डी हा झटापटीचा खेळ, तेव्हा त्यात कुठलीही पकड चालते. दुसरा असा की पंचांनी शिट्टी वाजवली नाही, म्हणजे जे झालं ते कायदेशीर. तिसरा असा की खेळायला आलेल्याने दुखापतीला संमती दिलेलीच असते. तिन्ही समजांत थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच ते खोडायला अवघड जातात.

कबड्डीत जोर लावायला बंदी नाही. चढाईपटूचा घोटा धरणं, पट काढणं, कंबरेला मिठी घालणं, साखळी करून कोंडणं, अंगाच्या धक्क्याने त्याला मैदानाबाहेर घालवणं, म्हणजे ज्याला आता सगळे डॅश म्हणतात, हे सारं मान्य आहे. एकट्या चढाईपटूवर सातही बचावपटू तुटून पडले तरी नियम मोडत नाही. मात्र याच नियमांत एक स्पष्ट रेषा आखलेली आहे. चढाईपटूला हातपाय किंवा धड यांनाच धरता येतं. मान धरता येत नाही. तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम तोडता येत नाही. पायांची कैची घालता येत नाही, आणि दुखापत होईल अशी हिंसक पकडही करता येत नाही. यांपैकी काहीही झालं तर चढाईपटू बाद होत नाही, तो नाबाद ठरतो. खेळाडूला ताकीद देणारं हिरवं कार्ड, दोन मिनिटं बाहेर बसवणारं पिवळं आणि सामन्यातूनच काढून टाकणारं लाल कार्ड पंचांच्या हाती असतं. थोडक्यात, जोर किती लावला हे नियम मोजत नाही. जोर शरीराच्या कुठल्या भागावर आणि कसा लावला, हे तो पाहतो. मांडीला धरलेला माणूस पडताना हात टेकवू शकतो, अंग वळवू शकतो. मानेला धरलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही. नियमातला हा फरक मला खेळाच्या साऱ्या तंत्राहून महत्त्वाचा वाटतो.

हाच वाद आइस हॉकीत अनेक वर्षं चालू आहे. तिथे चकती खेळवणाऱ्या खेळाडूला अंगाने धडक देणं, म्हणजे बॉडी चेक, हा पुरुषांच्या खेळाचा मान्य भाग आहे. कबड्डीतला डॅश त्याच जातीचा. पाठीमागून धडक देणं मात्र तिथेही नियमभंग मानलं जातं, कारण समोरच्याला ती येताना दिसत नाही. 2010 च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हार्डच्या डोक्याला खांद्याने धडक दिली. सॅव्हार्डला बाजूने येणारा कुक दिसलाच नव्हता. त्याच्या मेंदूला मार बसला, पुढे त्याची कारकीर्दही संपली. पंचांनी शिक्षा दिली नाही आणि लीगने कुकला निलंबितही केलं नाही, कारण तेव्हाच्या नियमांत अशा धडकेला बंदीच नव्हती. त्याच महिन्यात लीगने नियम बदलला, आणि 2011 मध्ये डोक्याला लक्ष्य करणाऱ्या साऱ्याच धडका त्या बंदीत आणल्या. शिट्टी वाजली नाही म्हणजे सारं रास्त झालं, या समजाला यापेक्षा स्पष्ट उत्तर नसेल. शिट्टी न वाजण्याचा अर्थ कधी पंचांना दिसलं नाही असा असतो, कधी नियमच मागे राहिला आहे असा. आणि नियमाचा भंग झाला तरी तो प्रत्येक वेळी देशाच्या कायद्याने गुन्हा होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. ती पायरी वेगळी आहे.

संमतीचा मुद्दा त्या पायरीवरचा आहे. आपल्या फौजदारी कायद्याने या प्रश्नाचा विचार 1860 मध्येच केला होता. भारतीय दंड संहितेच्या कलम 87 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 मध्ये तलवारबाजीचं एकच उदाहरण दिलेलं आहे. दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात, तेव्हा दगाबाजी न करता खेळताना होणारी इजा सोसायला दोघांची संमती आहे असं धरलं जातं. नीट खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली तर तो गुन्हा नाही. खेळाडूच्या बाजूने याहून मोठं संरक्षण काय हवं? मात्र ते मिळण्यासाठी अटी आहेत. खेळ दगाबाजीविना झालेला हवा. मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू नसावा, आणि तशी शक्यता असल्याची जाणीवही नसावी. जबर दुखापतीच्या व्याख्येत हाड मोडणं आणि निखळणं दोन्ही येतात. गळा आवळून जमिनीवर आदळणारी पकड या संरक्षणाच्या आत बसवणं कठीण आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या अपील न्यायालयाने 1989 मध्ये आइस हॉकीच्याच एका खटल्यात हीच दिशा दाखवली: काही कृती इतक्या धोकादायक असतात, की खेळाडूने मैदानात उतरून दिलेली संमती त्यांना लागू होत नाही.

संमतीच्या याच कलमातला आणखी एक तपशील धडगावसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीचीच चालते. आश्रमशाळेतला तेरा वर्षांचा मुलगा स्वतःहून, हसत-हसत मैदानात उतरला तरी या कलमाच्या अर्थाने त्याने इजेला संमती दिली असं म्हणता येत नाही. म्हणून शाळेतली प्रत्येक दुखापत गुन्हा ठरते, असं कुणी समजू नये. कायदेशीर काम कायदेशीर रीतीने, योग्य काळजी घेऊन करताना झालेल्या अपघाताला कायदा वेगळं संरक्षण देतो. पण त्यातली 'योग्य काळजी' घ्यायची कुणी? ती मुलांवर टाकता येणार नाही. संघ उतरवणारे शिक्षक, स्पर्धा भरवणारे आणि सरपंच, म्हणजे मैदानावरचे मुख्य पंच, यांच्यावर ती येते. तिथे 'पोरांनी आपणहून खेळलं' हे उत्तर पुरत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. एक म्हणजे, कायद्याची भीती घातली तर मुलं पकडच करणार नाहीत आणि खेळ मरेल. मला हे पटत नाही. ऑलिंपिकमधल्या महिलांच्या आइस हॉकीत बॉडी चेकला वर्षानुवर्षं परवानगी नव्हती, तरी तो खेळ वेगाने वाढला. कबड्डीत तर पकडच बंद करा असं कुणी म्हणत नाही. नियमात आधीपासून असलेली रेषा पाळा, एवढंच मागणं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहानपणी अंगाला सवय झाली नाही तर मोठेपणी जास्त लागतं. कॅनडात हा आक्षेप तपासून पाहिला गेला. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11-12 वर्षांच्या 2,154 खेळाडूंची तुलना झाली. अल्बर्टात या वयात बॉडी चेक चालत होता, क्वेबेकमध्ये नव्हता. अल्बर्टातल्या मुलांना दुखापतीचा आणि डोक्याला मार लागण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. दोन्ही प्रांतांतल्या मोठ्या गटातल्या मुलांच्या तुलनेत एकूण दुखापतींत फरक दिसला नाही. आठवड्याहून जास्त काळ खेळाबाहेर ठेवणाऱ्या दुखापती मात्र आधी अनुभव नसलेल्या मुलांत काहीशा अधिक आढळल्या. म्हणजे आक्षेपात तथ्याचा एक कण आहे. त्यातून निघतं ते एवढंच, की पकडीचं तंत्र लवकर आणि नीट शिकवावं. धोकादायक पकड चालवून घ्यावी, असं त्यातून निघत नाही. कॅनडाच्या हॉकी संघटनेने 2013-14 च्या हंगामापासून 11-12 वर्षांच्या वयोगटात बॉडी चेक बंद केला.

धडगावात या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. तिथून मोठ्या दवाखान्यात जायचं तर घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठावं लागतं. मानेला मार लागलेल्या मुलाला चार जणांनी उचलून उभं करणं हे पकडीइतकंच घातक ठरू शकतं. त्याची मान न हलवता, मदत येईपर्यंत तसंच झोपवून ठेवणं आवश्यक असतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या मुलांना शरीरातलं पाणी आणि प्राणवायू कमी पडणं धोक्याचं असतं. म्हणून गळा किंवा तोंड दाबण्यावरचा नियम इथे अधिकच कडक पाळायला हवा, आणि संघातल्या कुणाला हा आजार आहे हे शिक्षकांना सामन्याआधी माहीत असायला हवं.

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली. तिथल्या पकडी आता मुलं मोबाइलवर पाहतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानात करून बघतात. तिथे खाली मॅट असते, खेळाडू प्रौढ असतात, वैद्यकीय मदत हाताशी असते. मुरमाड मैदानावर तीच पकड तेरा वर्षांच्या मुलाने केली, तर ती वेगळीच गोष्ट होते. म्हणून तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना आणि पंचांना विनंती आहे: सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांना मान, तोंड आणि कैचीबद्दलचा नियम मोठ्याने सांगा, तो मोडला की गुण कुणाचा हे ठरवण्याआधी शिट्टी वाजवा, आणि जखमी मुलाला खाली नेण्यासाठी गाडी कुठली, हे सकाळीच ठरवून ठेवा.