उसाच्या राखेची भिंत

साखर कारखान्याच्या गावाला राखेची ओळख करून द्यावी लागत नाही. कसबा बावड्यात राजाराम कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. पुढे साखरेचा हिशेब होतो, मळीचा होतो. राखेचा मात्र कोणी करीत नाही. तो आपण करू. शंभर टन ऊस गाळला, की सुमारे तीस टन ओले चिपाड उरते आणि ते बॉयलरात जळाल्यावर अर्धा-पाऊण टन राख. गाळप तर लाखो टनांचे! ढीग केवढा, हे वाचकांनीच ताडावे.

या राखेत सिलिका भरपूर. सिमेंट भिजताना त्यातून चुना मोकळा होतो. बारीक राखेतली सिलिका त्याला धरते आणि दोघांचा मिळून दगड बनतो. युक्ती नवी नव्हे. चुन्यात सुरखी कालवणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांना ती ठाऊक होती. रोमन लोकांनी ज्वालामुखीच्या राखेवर पँथिऑनचा ४३ मीटर रुंद घुमट तोलला, आणि माथ्याकडे मुद्दाम हलका, सच्छिद्र दगड घातला. आजही पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के कोळशाची राखच असते. नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण हलकेपणा नुसत्या राखेने येत नाही, तो हवेने येतो. साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. स्वीडनमध्ये १९२० नंतरच्या दशकात एक रीत निघाली: चुना, सिमेंट आणि सिलिकेच्या लगद्यात चिमूटभर अॅल्युमिनियमची भुकटी टाकायची. वायू सुटतो, लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग दाबाच्या वाफेत तो पक्का करायचा. असा ठोकळा घनमीटरला ५५० ते ६५० किलोच भरतो. भूकंपाचा हादरा इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतो. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांना हे अधिक सांगायला नको.

अडचणी आहेतच. उसाची राख काळी निघाली, तर तीत न जळलेला कोळसा असतो आणि तो मिश्रणातले पाणी पितो. म्हणून चाळणे, दळणे आले. शिवाय फार तापलेली राख आळशी होते, चुन्याशी तिचे जमत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून टाकून दिलेली काळी वाळूही नदीच्या वाळूऐवजी काही प्रमाणात चालते. मात्र ती हलकी नव्हे, हे विकणारा सांगेलच असे नाही.

आणि बावडेकरांनी एक पथ्य पाळावेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. फुगवलेले ठोकळे पाणी शोषतात. पुराच्या रेषेपर्यंत आपला काळा दगडच बरा, हलकी भिंत त्याच्या वर. खांब-तुळयांना तर हे ठोकळे नकोतच.

राख फुकट, पण वाहतूक फुकट नाही. म्हणून ढिगाजवळच हा उद्योग परवडेल. ढीग बावड्यात आहे, १९८४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. राखमिश्रित काँक्रीट सावकाश ताकद धरते. त्याचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून पाहावा आणि ९० दिवसांनी पुन्हा. कंत्राटदार घाई करील, करू द्यावी.